उघड्या चोचीचा पोर्टर

हेल्काला ओरडता येत नव्हतं. सगळी भानगड तिथंच होती, पण हे लक्षात यायला दोन पिंपं बिअर डुकरांच्या पोटात जावी लागली.

नाही, थांबा, आधी कारखान्याचं सांगायला हवं, नाहीतर मजा नाही. आमच्या तळ्याकाठी कुइक्का ब्रुअरी आहे ना, ती एका विधवेनं काढलेली. नवरा आगबोटींना वाट दाखवायचा, एका वादळात गेला, आणि बाईनं रडत न बसता धक्क्यावर उतरणाऱ्या लोकांना काळी बिअर विकायला घेतली. पोर्टर. इतका काळा की ग्लासातून पलीकडचा दिवा दिसायचा नाही. बाटलीवर तिनं चित्र लावलं कुइक्का पक्ष्याचं, वसंतात तळ्यावर ओरडतो तो, मान ताणलेली, चोच सताड उघडी. पुढं देशात दारूबंदी आली. तिच्या नातवानं कारखाना बंद केला नाही, नाशपातीचं लेमोनेड काढलं, सोडा काढला, जेवणाबरोबर पोरंसुद्धा पितात ती हलकी बिअर काढली, आणि चित्रातल्या पक्ष्याची चोच मिटवून टाकली. बंदी उठली त्या दिवशी चोच परत उघडली. पण फक्त पोर्टरवर. लेमोनेडवरचा पक्षी आजही तोंड मिटून बसलेला असतो.

आणि पोर्टर बंद पडूनही आता एक पिढी झाली होती. म्हणजे म्हातारे सोडले तर उघडी चोच गावात कुणी पाहिलेलीच नव्हती.

आता हेल्का. वय सत्तावीस, अंगानं उंच, आवाज म्हणाल तर लायब्ररीत बोलावं तसा. हेलसिंकीच्या मोठ्या ब्रुअरीत नोकरी होती तिला, स्टीलच्या टाक्या, पांढरा कोट, सगळं. ते सोडून ती गावात परत आली ती फक्त पोर्टरसाठी. कारखान्याच्या मालकीणबाई, राकेल, त्या विधवेच्याच घराण्यातल्या, त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, मला पोर्टर करू द्या. राकेलबाईंनी कॉफीचा कप संपवला, वेलचीचा पाव संपवला, खिडकीबाहेर बघून झालं, मग म्हणाल्या, "कर."

इथपर्यंत ठीक होतं. पण गावातल्या पेपरच्या बातमीदारानं येऊन हेल्काचा फोटो काढला आणि विचारलं, पोर्टर कधी मिळणार? आणि ही बोलून गेली, "युहान्नुसला." म्हणजे उन्हाळ्यातल्या सणाला, तळ्याकाठी शेकोट्या पेटतात तेव्हा. पेपरात पहिल्या पानावर छापून आलं. आमच्या गावात कुणी असं बोलत नाही हो. आमच्याकडे घर बांधून पूर्ण झालं, त्यात राहायला जाऊन वर्ष झालं, तरी माणूस म्हणतो, बघू, जमतंय का.

मग काय, तळघरात पहिलं पिंप घातलं. दोन दिवस छान उकळ्या फुटल्या आणि तिसऱ्या दिवशी यीस्ट झोपलं. पार गप्प. चाखलं तर अर्धवट, गोड, काकवी पाण्यात कालवल्यासारखं. दुसरं घातलं, नवीन यीस्ट आणून, दर तासाला तापमान बघून. तेही तसंच झोपलं. तपासणीचा रिपोर्ट आला, सगळं योग्य आहे. दोन्ही पिंपं शेजारच्या शेतातल्या डुकरांना गेली, आणि डुकरं इतकी खूश झाली की शेतकऱ्यानं फोन करून विचारलं, पुढचं कधी?

गावात कुणी हेल्काला एक शब्द बोललं नाही. तेच तर वाईट होतं. दुकानात ती आत गेली की लोक तिच्या बुटांकडे बघायचे.

राकेलबाईंनी तिला बोलावलं. कॉफी दिली, पाव दिला.

"तिसरं घाल," त्या म्हणाल्या. "ते नीट आंबून चढलं तर चढलं. नाही चढलं तर तळघरात लेमोनेडचे क्रेट ठेवू. ओइवा सारखा म्हणतोय, जागा पुरत नाही."

"आणि मी?"

"तुला लेमोनेडही येतं की गं."

बाईंना वाईट बोलायचं नव्हतं. पण हेल्का बाहेर पडली ती तोंडात तो पाव तसाच धरून, गिळायचा विसरून.

कारखान्याला स्वतःची सौना आहे, अगदी पाण्याला लागून, बुधवारी बायकांची पाळी. त्या बुधवारी आत दोघीच होत्या. हेल्का, आणि बाटल्या भरायच्या खात्यातली लेम्पी मावशी, जी निवृत्त झाली, घरी आठवडाभर बसली, आणि कंटाळून परत कामावर आली. तळ्यावरचा बर्फ नुकताच गेला होता. दोघी वरच्या फळीवर बसून घाम गाळत होत्या. मावशीनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, चर्र झालं, वाफ कानांवर आली, आणि तेव्हाच मावशी म्हणाली,

"ओरडली होतीस का पण तू?"

"कुठं?"

"पिंपात यीस्ट घालताना."

"मावशी, ओरडायचं कशाला?"

"यीस्ट उठायला. मी नवीन लागले तेव्हा बिअर करायला आक्सेली मास्तर होते. ते तळघरात उभे राहून असे ओरडायचे की धक्क्यावरची माणसं टोप्या काढायची. कुइक्कासारखं. ते ऐकलं की गावाला कळायचं, पोर्टर पिंपात पडला."

"आणि मग बंद का झालं?"

"मग हेम्मो मास्तर झाला ना." मावशीनं आणखी एक पळी टाकली. "तो कसला ओरडतोय. त्यानं तर बायकोला लग्नाचं विचारलं तेसुद्धा चिठ्ठी पाठवून, शेजारच्या टेबलावरून. पहिल्याच वर्षी त्यानं पंप आणला, पाइप टाकला, म्हणाला पाइप स्वच्छ असतो. ओरडणं गेलं. पोर्टर मग वर्षावर्षाला पातळ होत गेला. यीस्टला कळतं गं, कोण कसं बोलवतंय ते."

हेल्का हसली. शिकलेली पोर, यीस्टला कान नसतात हे तिला पक्कं ठाऊक. ती धावत गेली आणि तळ्यात उडी मारली, आणि त्या गारेगार पाण्यात गळ्यापर्यंत बुडाल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. बाकी सगळं करून झालंय. हे एकच राहिलंय.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि वर पॅनकेक, हे काही सांगायला नको. दुपारी भोंगा झाला की अख्खा कारखाना कँटीनमध्ये. हेल्कानं तोच वेळ धरला. कुणी ऐकणार नाही, कुणी बघणार नाही. तळघराचा दरवाजा आतून लावून घेतला, रिकाम्या पिंपापाशी, जिथं आक्सेली मास्तर उभे राहायचे म्हणे, त्या दगडावर उभी राहिली.

आणि तोंडातून आवाजच निघेना.

एकटी आहे, दार बंद आहे, तरी लाजतेय. पहिल्यांदा नुसतं घसा साफ केल्यासारखं झालं. मग "ऊ" असं काहीतरी, दात दुखल्यावर येतं तसं. मग तिला स्वतःचाच राग आला. पेपरातला फोटो आठवला, बुटांकडे बघणारी माणसं आठवली, "तुला लेमोनेडही येतं की गं" आठवलं, ती डुकरं आठवली उन्हात आडवी पडलेली, आणि मग जे काय निघालं आतून, लांबलचक, वर चढत जाणारं, शेवटी दोन तुकड्यांत फुटणारं, ते खरंच कुइक्कासारखं होतं.

आवाज विरला. आणि तिच्या डोक्यावरून, अगदी कानाशी, एक पुरुषी आवाज शांतपणे म्हणाला,

"कुणी बुडालं काय?"

हेल्का जागच्या जागी उडाली. तळघरात कुणी नाही. पिंपामागं कुणी नाही.

"कोण आहे?"

"ओइवा."

लेमोनेडवाला ओइवा. ज्याला क्रेट ठेवायला जागा पुरत नव्हती तो.

"आहेस कुठं तू?"

"माळ्यावर. नाशपातीच्या सिरपची पिंपं मोजतोय."

"जेवायला नाही गेलास?"

"वाटाणे नाही आवडत मला," ओइवा म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

आता बघा, माळा आणि तळघर यांच्यात चार मजले. जाड दगडी भिंती. मोबाइललासुद्धा तळघरात रेंज येत नाही. आणि हा माणूस आवाज न चढवता बोलतोय आणि हिला शब्दन् शब्द ऐकू येतोय, खांद्यावर हात ठेवून बोलावं तसा.

"ओइवा, माझा आवाज कुठून येतोय तुला?"

पिंप सरकवल्याचा आवाज. मग, "भिंतीतून. इथं फळ्या ठोकल्यात. तुझं डोकं फळ्यांच्या मागं आहे असं वाटतंय."

हेल्का जिने चढत धावली. वर जाऊन दोघांनी पहारीनं फळ्या उचकटल्या. आत अंधार, आणि खाली उतरत गेलेली एक लाकडी पन्हळ, उभी, माणूस आडवा शिरेल एवढी रुंद. आणि तिच्या आत एक फळी डावीकडून तिरकी, एक उजवीकडून तिरकी, पुन्हा डावीकडून, अशी थेट तळघराच्या छतातल्या त्या भोकापर्यंत, जे हेल्काला इतके दिवस हवेसाठी ठेवलेलं वाटायचं. फळ्यांवर काळं, चकचकीत, वाळलेलं काहीतरी. हेल्कानं नखानं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

"अगं, काय खातेस," ओइवा म्हणाला.

कडू. मग मागून गोड. मग जळक्या भाकरीसारखं. पोर्टर.

ती तिथंच सिरपच्या पिंपावर बसली आणि हसायला लागली. सगळं एका फटक्यात कळलं तिला. पोर्टरचा काढा असतो दाट, सातूचा सगळा अर्क त्यात, आणि असल्या दाट काढ्यात यीस्टला सुरुवातीलाच छाती भरून हवा लागते. हवा ती देत होतीच, पण पंपातून, साध्या बिअरला देतात तेवढी. जास्त दिली की पाइपातच फेस व्हायचा आणि सगळं अडायचं. आणि हे जुने लोक काय करत होते? काढा माळ्यावर चढवायचे आणि वरून खाली सोडून द्यायचे. फळीवर आपट, दुसऱ्या फळीवर आपट, चार मजले आपटत, फुटत, हवा पीत तो पिंपात यायचा. आणि खाली मास्तर यीस्ट घेऊन तयार झाला की वर कळवायचं कसं?

"ओरडून," ओइवा म्हणाला.

"ओरडून," हेल्का म्हणाली.

म्हणजे यीस्टसाठी नव्हतंच ते. 'सोड' एवढंच म्हणायचं होतं. आणि हेम्मो मास्तरांना लाज वाटायची ओरडायची, म्हणून पाइप आला. पाइप आला तर पन्हळ गेली. पन्हळ गेली तर दाट पोर्टर चढेना, म्हणून तो पातळ केला, आणखी पातळ केला, शेवटी लोक म्हणाले याच्यापेक्षा लेमोनेड बरं. एका माणसाच्या लाजेपायी अख्खा पोर्टर गेला, आणि इतकी वर्षं कुणी त्याला विचारलंसुद्धा नाही, कारण विचारायचीही लाज. हे आमच्याकडेच होऊ शकतं.

लेम्पी मावशीला सांगितलं तर ती रुसली.

"म्हणजे यीस्टला ऐकू येत नाही?"

"नाही मावशी."

"मग ओरडायचं काही कारण नाही."

"आहे की. ओइवाला ऐकू जायला नको का?"

मावशीनं विचार केला. "ओइवापेक्षा यीस्ट हुशार," ती म्हणाली आणि बादली घेऊन पन्हळ घासायला गेली. जुनिपरच्या फांद्या उकळून त्या पाण्यानं त्यांनी सगळी पन्हळ घासली, खालून एक, वरून एक, कारखानाभर ख्रिसमससारखा वास. राकेलबाई येऊन उभ्या राहिल्या, फळ्यांवरून बोट फिरवलं. जाताना ओइवाला म्हणाल्या, "तुझं सिरप दुसरीकडे हलव." एवढंच. पण हेल्काला वाटलं, कुणीतरी पाठीवर हात ठेवला.

तिसरं पिंप शनिवारी घालायचं ठरलं. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि शनिवारी सकाळी बघतात तर कारखान्याच्या आवारात अर्धं गाव. प्रत्येकाच्या हातात रिकाम्या बाटल्या. बाटल्या परत करायला आलोय म्हणे. पोस्टमन बाटल्या परत करायला आलाय, चर्चचे पाद्री बाटल्या परत करायला आलेत, डुकरांचा शेतकरी एकच बाटली घेऊन आलाय, तीही दुसऱ्याच कंपनीची. कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे आकाशाकडे बघतायत, हवा बरी आहे नाही का.

आणि गेटातून, काठी टेकत, हेम्मो मास्तर. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. तो सरळ तळघरात आला, एका खुर्चीवर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

वर काढा तयार, ओइवा तोटीवर हात ठेवून उभा. खाली हेल्का दगडावर, हातात यीस्टचं भांडं. एका बाजूला राकेलबाई, एका बाजूला लेम्पी मावशी रबरी बूट घालून. तळघराची खिडकी आवारात उघडते, तिच्यातून नुसते पाय दिसतायत, पायच पाय.

हेल्कानं यीस्ट ओतलं. तोंड उघडलं. पुन्हा आवाज निघेना.

"मी पाहिजे तर जिन्यावरून जाऊन सांगते ओइवाला," मावशी हळूच म्हणाली.

हेल्कानं हेम्मो मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि त्यांचा स्वतःचाच गळा हलत होता, गिळत होते ते, जणू आपल्यालाच ओरडायचंय. ते बघितलं आणि तिचं लाजणं कुठल्या कुठं गेलं. तिनं मान ताणली, छाती भरून घेतली आणि सोडलं.

अरे काय ओरडली ती. पिंपाच्या पट्ट्या थरथरल्या. खिडकीतले पाय एकदम सरळ झाले. आवाज पन्हळीत शिरला, चार मजले चढला, माळ्याच्या खिडकीतून तळ्यावर गेला. मग वरून ओइवाचा आवाज, "आलं ऐकू," आणि मग गडगडाट. आधी लांबून, मग जवळ, फळीवरून फळीवर, काळा काढा आपटत, उसळत खाली आला आणि पिंपात असा कोसळला की हेल्काच्या भुवयांपर्यंत फेस उडाला. भाजक्या सातूचा वास सगळ्या तळघरात भरला, खिडकीतून आवारात गेला.

आणि आवारातून कुणीतरी ओरडलं. शपथ. कोण ते आजवर कळलं नाही, शेतकरी म्हणतो पोस्टमन, पोस्टमन म्हणतो पाद्री. मग आणखी एक ओरडला, मग सगळेच, ज्या माणसांनी आयुष्यात शेजाऱ्याला मोठ्यानं हाक मारली नसेल ती माणसं रिकाम्या बाटल्या हातात धरून कुइक्कासारखी मान वर करून ओरडत होती. झालं, आणि लगेच सगळे बाटल्या तिथंच ठेवून घाईघाईनं घरी गेले.

रविवारी सकाळी हेल्का तळघरात उतरली तर पायरीवरच फेस. पिंपाच्या काठावरून वर आलेला, खाली उतरलेला, दारापर्यंत पोचलेला, तपकिरी, जाडजूड. तिसऱ्या दिवशी यीस्ट झोपलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. लेम्पी मावशी बादल्या भरभरून फेस बाहेर टाकत होती आणि प्रत्येक बादलीला म्हणत होती, "आता सांगा, ऐकू येत नाही म्हणे."

युहान्नुसच्या संध्याकाळी तळ्याकाठी शेकोटी पेटली, आणि लाकडी टेबलावर पहिल्या बाटल्या आल्या. सगळ्यांवर पक्षी, चोच सताड उघडी. पहिला ग्लास राकेलबाईंनी हेम्मो मास्तरांपुढे ठेवला. सगळं गाव शेकोटीकडे बघतंय असं दाखवत होतं. त्यांनी ग्लास उजेडात धरला. पलीकडची शेकोटी दिसली नाही. एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. गिळला.

"पिता येतं," ते म्हणाले.

हेल्का उठून पाण्याच्या कडेला गेली, कारण डोळे पुसताना कुणी बघू नये. तुम्हाला वाटेल, पिता येतं, हे काय कौतुक झालं? आमच्याकडे याच्या वर शब्द नाही. राकेलबाई तिच्या मागोमाग आल्या, शेजारी उभ्या राहिल्या आणि तळ्याकडे बघत म्हणाल्या, "ओइवाच्या क्रेटसाठी मी नवीन शेड बांधतेय. तळघर तुझं."

पण खरी गंमत पुढच्या पिंपाच्या वेळी. ते घालायच्या सकाळी हेम्मो मास्तर पुन्हा आले, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. खुर्चीवर बसले नाहीत.

"उभं कुठं राहायचं?" त्यांनी विचारलं.

हेल्कानं दगड दाखवला आणि स्वतः यीस्टचं भांडं घेऊन बाजूला झाली. म्हातारा दगडावर चढला, काठी तिच्या हातात दिली, टोपी काढली. तोंड उघडलं. आवाज कसला, एवढासा, चहाच्या कपावर फुंकर मारावी तेवढा. लेम्पी मावशीनं तर डोळेच मिटून घेतले.

पण ती पन्हळ अशी आहे ना, की तिला मोठा आवाज लागतच नाही. लागतच नव्हता कधी. तिनं तो एवढासा आवाज उचलला, चार मजले वर नेला, आणि वरून ओइवा अगदी नेहमीच्या स्वरात म्हणाला, "ऐकलं, मास्तर. सोडतो."

आणि वरून पोर्टर गडगडत यायला लागला.